सतरंजीवरची पुस्तके

स्मरणिकेत इमारतींची छायाचित्रे, निकालांचे आकडे, देणगीदारांची नामावली आणि दिवंगतांचे स्मरण यांना अग्रस्थान मिळते आणि ते योग्यच आहे. संपादक मंडळाने आम्हांस ग्रंथालयाविषयी लिहावयास सांगितले, तेव्हा वाचनकक्षातील मोठ्या कपाटांऐवजी बालविभागाच्या पडवीत ठेवलेल्या एका पत्र्याच्या पेटीविषयी लिहिण्याची मुभा आम्ही मागून घेतली. लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवावयाची चित्रपुस्तके या पेटीत असतात. तीत कोणते पुस्तक ठेवावे आणि कोणते ठेवू नये, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. आमचे मात्र त्यावरून वर्षानुवर्षे वाद होत आले आहेत आणि ते अजून मिटलेले नाहीत.

आम्ही म्हणजे चौघेजण. पहिली-दुसरीला शिकविणाऱ्या दोन शिक्षिका, वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि याच शाळेत लहानाचे मोठे होऊन पुढे येथेच नोकरीस लागलेले कार्यालयातील लेखनिक. रात्रीच्या जेवणानंतर भांडी घासून झाली की पडवीत सतरंजी अंथरावयाची, लहान मुलांना भोवती बसवावयाचे आणि झोपेची घंटा होईपर्यंत वाचून दाखवावयाचे, हा आमचा परिपाठ. पाळी एकाची असली तरी बहुतेक वेळा चौघेही येऊन बसतात.

जूनमध्ये जी मुले येथे प्रथम येतात, ती सहा-सात वर्षांची असतात. कित्येकांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात. ज्यांना हा शब्दप्रयोग ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की कारखान्याला जाणे म्हणजे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणे. पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्याशिवाय, ते परतत नाहीत. काही मुले आजीआजोबांनी आणून सोडलेली असतात, काहींना सोडावयास चुलता किंवा मामा येतो. दिवस शाळेत, खेळात आणि रांगांत निघून जातो. जेवण आणि झोप यांच्या मधला तास अवघड असतो. घरी या वेळेला कोणाची तरी मांडी असते. येथे मुले दोन डझन आणि मांड्या चार.

या तासाबद्दल अहवालात आम्ही ‘वाचनाची गोडी’ असे लिहितो. ते खोटे नाही. परंतु चित्रपुस्तक हाती घेताना आमच्या मनात दुसरीच गोष्ट असते. नव्याने आलेले मूल येथे फार कमी बोलते. विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणते, हजेरीला ‘हजर’ म्हणते आणि थांबते. ज्या पुस्तकापाशी ते आपण होऊन तोंड उघडते, ते पुस्तक आम्ही पेटीत ठेवतो. पुस्तक निवडण्याची आमची कसोटी एवढीच आहे. ती वापरताना ज्या अडचणी येतात, त्या मात्र बऱ्याच आहेत.

आधी एक उदाहरण सांगतो. चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचे ‘महागिरी’ हे हेमलता यांनी लिहिलेले आणि पुलक बिस्वास यांनी चितारलेले पुस्तक १९६९ सालचे. आमच्याकडील प्रत हिंदी आहे. आम्ही ती पाहत पाहत मराठीत सांगतो. उत्सवासाठी खांब उभा करावयाचा आहे. हत्तीने तो सोंडेत धरून खड्ड्यात उतरवावयाचा आहे, आणि हत्ती ऐनवेळी अडून बसतो. माहूत रागावतो, अंकुश टोचतो. हत्ती काही केल्या खांब खाली सोडत नाही. कारण काय, ते त्याला सांगता येत नाही. एका वर्षी जूनपासून श्रावण संपेपर्यंत सतरंजीच्या कडेला भिंतीला टेकून बसणारा एक मुलगा होता. त्याचा आवाज आम्ही कोणीच धड ऐकला नव्हता. अंकुशाचे चित्र उघडे असताना तो एकाएकी म्हणाला, “त्या खड्ड्यात कायतरी आसंल.” खड्ड्यात मांजराचे पिल्लू असते. पान उलटल्यावर साऱ्या मुलांनी वळून त्याच्याकडे पाहिले. पुढचे आठ दिवस ‘महागिरी’च वाचावे लागले आणि दररोज त्या ठिकाणी ते वाक्य म्हणण्याचा मान त्याचाच राहिला.

हा मुलगा त्या पुस्तकापाशीच का बोलला, याचे आम्ही चौघांनी चार अर्थ लावले. येथे त्यांपैकी एकही देत नाही. परंतु त्यानंतर पुस्तक चाळताना आम्ही एक गोष्ट हटकून पाहू लागलो: पान उलटण्यापूर्वी मुलाला काही ओळखावयास, अंदाज बांधावयास जागा ठेवली आहे का? कित्येक पुस्तकांत चित्र जे दाखविते तेच मजकूर सांगतो आणि मजकूर जे सांगतो तेच चित्र पुन्हा दाखविते. अशा पुस्तकात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. ते ऐकते, जांभई देते आणि झोपते. झोपविणे हाच हेतू असेल तर तीही पुस्तके वाईट नाहीत, असे अधीक्षिकाबाईंचे मत आहे आणि रात्री साडेआठनंतर आम्हांलाही ते पटते.

बाह्य गोष्टी थोडक्यात सांगून टाकतो. वीस-बावीस मुलांसमोर धरावयाचे पुस्तक तळहाताएवढे असून चालत नाही. मागच्या रांगेतून चित्रातील डोळे दिसले पाहिजेत. फार गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइटची चकाकी पडते आणि एका बाजूच्या मुलांना पांढऱ्या डागाखेरीज काहीच दिसत नाही. पिना मारलेली पाने महिनाभरात सुटतात, शिलाई टिकते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके आणि प्रथम बुक्सची पातळ पुस्तके स्वस्त मिळतात, त्यामुळे एकेकाच्या दोन प्रती ठेवता येतात. एक वाचणाऱ्याच्या हाती, दुसरी मागच्या रांगेत. प्रथम बुक्सने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या नावाने अनेक भाषांतील पुस्तके संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. कार्यालयातील यंत्रावर ती छापून काढता येतात. मात्र भारनियमनाच्या रात्री विजेरीच्या उजेडात हातात धरावयास कागदाचे, बांधलेले पुस्तकच बरे पडते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. आमच्या मुलांची घरची बोली पुस्तकात नसते. काहींच्या घरी गोरमाटी बोलतात, काहींच्या घरी पारधी. बाकीच्यांची मराठीही पुस्तकातल्या मराठीहून निराळी. तेव्हा पुस्तक वाचताना शब्द बदलावेत काय, हा वाद आमच्यात पहिल्यापासून आहे. एका शिक्षिकेच्या मते मुलाला कळेल ते म्हणावे. दुसरीच्या मते छापलेले असेल तेच वाचावे. कारण तेच वाक्य उद्याही त्याच पानावर तसेच भेटते, हे मुलाला जाणवले पाहिजे. आम्ही दुसरे मत स्वीकारले आहे, आणि त्याचा पुरावा मुलांनीच दिला. चौथ्या-पाचव्या वाचनाला कंटाळून आमच्यापैकी कोणी एखादी ओळ गाळली तर लगेच तक्रार येते: “बाई, तुमी एक शब्द खाल्ला.” अक्षरओळख नसलेले मूल असे म्हणते, तेव्हा छापलेला शब्द म्हणजे काय हे त्याला कळू लागलेले असते. वाचून झाल्यावरचे बोलणे मात्र ज्याच्या त्याच्या बोलीत. तेथे कोणी कोणाचे शब्द सुधारावयाचे नाहीत, हा नियम आहे आणि तो आम्ही पाहुण्यांनाही घालून देतो.

यामुळे भाषांतरित पुस्तकांची निवड कठोर करावी लागते. ‘माझ्याकडे एक कुत्रा आहे ज्याचे नाव मोती आहे’ असे वाक्य डोळ्यांनी वाचताना खपून जाते. मोठ्याने वाचले की जीभ अडखळते. मराठी माणूस ‘माझा एक कुत्रा आहे, त्याचं नाव मोती’ असे म्हणतो. मूळ भाषेत यमक होते म्हणून मराठीतही यमक ओढून आणलेली पुस्तके आम्ही पहिल्या पानालाच मिटतो. ज्याला चित्रपुस्तक विकत घ्यावयाचे असेल, त्याने दुकानात उभे राहून निदान दोन पाने मोठ्याने वाचावीत. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहतो; पाहू द्यावे.

आता घराविषयी. ज्या मुलाचे घर मागे सुटले आहे, त्याच्यापुढे आईबाबांचे, घराचे पुस्तक उघडावे काय? सुरुवातीच्या बैठकांत काही पालकांनी आणि एका हितचिंतक डॉक्टरांनीही अशी पुस्तके पहिल्या सत्रात टाळावीत असे सुचविले होते. सूचना मायेपोटी होती. तिच्याविषयी आदर ठेवून आम्ही वेगळे ठरविले.

मराठीत लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या आणि चितारणाऱ्या माधुरी पुरंदरे यांचे नाव या वाचकांना नवे नसावे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ साली मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची ‘राधाचं घर’ ही छोटी पुस्तके आमच्या पेटीत आहेत. राधाचे घर आमच्या मुलांच्या घरांसारखे नाही, आणि तरीही मुले ते पुन्हा पुन्हा मागतात. ‘बाबाच्या मिश्या’ हे त्यांचे आणखी एक पुस्तक. ते हाती घेऊन नुसते नाव वाचले, तेवढ्यावरच एकदा अर्धा तास गेला. एकाच्या बाबाला मिशाच नव्हत्या. एकाच्या बाबाने मिशा कारखान्यावर काढल्या होत्या, कारण उसाचे कूस त्यांत अडकते. एकीने सांगितले, की तिचा बाबा मिशीला तेल लावतो आणि तेच तेल तिच्या डोक्याला पुसतो. रांगेच्या टोकाशी एक मुलगी होती, तिचे वडील तिच्या जन्मानंतर वर्षभरात वारले होते आणि हे आम्हां चौघांना ठाऊक होते. पुस्तक ज्यांच्या हाती होते त्या बाईंनी झटकन पान उलटावयास घेतले. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, “माझ्या आज्ज्याच्या मिशा अशा वर हायत,” आणि तिने दोन्ही हातांनी त्या दाखविल्या. मग सर्वांनी आपापल्या आज्ज्याच्या मिशा दाखविल्या.

एका प्रसंगावरून नियम बांधू नये, हे आम्ही जाणतो. त्या रात्री एक मुलगा रडलाही. तो घरच्या आठवणीने रडला आणि शेजारच्या मुलाने त्याला आपल्या पांघरुणात घेतले. आमचे निरीक्षण इतकेच, की घराचे पुस्तक नसले म्हणून घराची आठवण यावयाची थांबत नाही. ती अंधारात, एकट्याने येते. सतरंजीवर ती आली तर निदान दिवा लागलेला असतो आणि बोलावयास माणसे असतात.

पेटीत नसलेल्या घरांची खंत मात्र मोठी आहे. उसाच्या फडाकडेला चिपाडांची आणि ताडपत्रीची कोपी असते. आमच्यातील कित्येक मुलांना वर्षातले पाच-सहा महिने तेच घर असते. एका पुस्तकातील बैठकीची खोली, खाण्याचे मेज आणि मुलाची स्वतंत्र खोली पाहून एका मुलीने विचारले, “आन यांची कोपी कुठंय?” तिला ते घर पाहुण्यांचे वाटले होते, राहण्याचे घर पुढच्या पानावर येईल अशी तिची अपेक्षा होती. आम्ही ते पुस्तक काढून टाकले नाही. वहीच्या मधल्या पानांची चौकट शिवून तिच्याकडून आणि तिच्या सोबत्यांकडून कोपीचे पुस्तक काढून घेतले. त्यात चूल बाहेर आहे, बैल घराएवढा मोठा आहे आणि मजकूर प्रत्येक पानावर एकच ओळ. ते पेटीत आहे आणि त्याला मागणी आहे.

चित्रांतील माणसांच्या रंगाकडे आम्ही फार बारकाईने पाहतो. यास काही जण अतिरेक म्हणतील. एकदा एका गोष्टीचे पहिलेच चित्र उघडले होते, अद्याप एक शब्दही वाचला नव्हता. चित्रात चार माणसे. तीन गुलाबी गोरी आणि एक काळासावळा. समोरचा मुलगा, जो स्वतः चांगला सावळा होता, बोट ठेवून म्हणाला, “ह्यो चोर.” आणि गोष्टीत तोच चोर होता. इतक्या लहान वयात त्याला हे कोठून कळले, याचा शोध घेण्यास फार लांब जावे लागले नाही. पेटीतील सारी पुस्तके त्या आठवड्यात आम्ही मजकूर झाकून पाहिली. काम करणारी माणसे कोण, बसून खाणारी कोण, कोणाला नाव आहे आणि कोणाला नुसतेच ‘मोलकरीण’ किंवा ‘झाडूवाला’ म्हटले आहे, एवढेच पाहावयाचे. नगरपालिकेत झाडलोट करणाऱ्या बाईचा मुलगा आमच्याकडे आहे. झाडू घेतलेल्या बाईचे चित्र आले की तो अभिमानाने “माझी आई” म्हणतो. त्या बाईला पुस्तकात नाव असेल, ती दोन वाक्ये बोलत असेल, तर पुस्तक राहते. ती पुढच्या पानावर नाहीशी होत असेल, तर त्याला काय उत्तर द्यावयाचे?

याच कारणासाठी महाश्वेता देवी यांच्या मोइनाची गोष्ट, तूलिका प्रकाशनाने चित्रांसह काढलेली, आम्हांला जवळची वाटते. शबर जमातीची ही मुलगी सारखी ‘का’ विचारीत सुटते. शेळ्या मीच का चारावयाच्या, मालकाने पाठविलेल्या भाताबद्दल त्याचे आभार का मानावयाचे, असले तिचे प्रश्न आहेत. ते पुस्तक वाचल्यानंतर दोन दिवस वसतिगृह चालविणे जड जाते. अधीक्षिकाबाईंनी तरीही ते कधी लपवून ठेवलेले नाही, याची येथे नोंद करतो.

जातककथांची चित्रपुस्तके हा आमच्या संस्थेत आवडीचा आणि म्हणूनच अडचणीचा विषय. देणगीदार ती हमखास आणतात. पालीतील ५४७ जातकांपैकी वीस-पंचवीसच फिरून फिरून चित्ररूपाने छापली जातात. त्यांतील दद्दभ जातक रात्रीच्या वाचनाला सर्वांत उत्तम, याबद्दल आमच्यात दुमत नाही. ताडाच्या पानावर बेलफळ पडते, त्या आवाजाने ससा दचकतो, धरणी फुटली असे समजून पळतो. त्याला पाहून दुसरे ससे, मग हरणे, डुकरे, म्हशी, गेंडे, वाघ, हत्ती असे सारे रान धावू लागते. मुलांना ती धावाधाव आवडते. शेवटी सिंह सर्वांना थांबवितो आणि एकेकाला विचारतो, की धरणी फुटताना कोणी पाहिली? हत्ती वाघांकडे बोट दाखवितात, वाघ गेंड्यांकडे, असे करीत करीत प्रश्न सशापाशी येतो. ‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न सारी सतरंजी एका आवाजात विचारते. आमच्याकडे या गोष्टीची दोन पुस्तके आहेत. त्यांपैकी एकात पहिल्याच चित्रात झाडावरून सुटलेले फळ दाखविले आहे आणि ससा झोपलेला आहे. सशाला जे कळले नाही ते मुलांना आधीच ठाऊक असते. ती त्याला ओरडून सांगत राहतात. दुसऱ्यात फळ अगदी शेवटी दिसते. ते पुस्तकही वाईट नाही, पण त्याच्या वेळी ओरडा कमी होतो.

त्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी चौकटीत तात्पर्य छापले आहे. आम्ही ते वाचत नाही. एकदा दुसरीतील मुलाने ते स्वतःच अक्षर लावून वाचले आणि विचारले, “हे कोन बोलतंय? सिंव्ह तर घरी गेला ना?”

ससजातकाविषयी मात्र आमचा वाद तुटलेला नाही. दारी आलेल्या याचकाला देण्यासारखे आपल्यापाशी काही नाही म्हणून ससा स्वतःच आगीत उडी घेतो. आग त्याला जाळीत नाही आणि त्याचे चित्र चंद्रावर उमटते. गोष्ट उदात्त आहे, तिचे चित्र अनेक पिढ्यांनी काढले आहे. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर दोन पाने भरून ज्वाळा आणि त्यांत झेपावणारा लहान प्राणी असतो. पुढे आग थंड असते, हे त्याला पान उलटेपर्यंत ठाऊक नसते. आमच्यापैकी लेखनिक म्हणतात, की ही गोष्ट त्यांनी याच पडवीत सहाव्या वर्षी ऐकली आणि त्या रात्री चंद्राकडे पाहत ते प्रथमच शांत झोपले. एका शिक्षिकेचा आक्षेप असा, की ज्या मुलांना उठताबसता ‘दुसऱ्याला द्यावे’ असे ऐकविले जाते आणि ज्यांच्यापाशी द्यावयास फारसे नाही, त्यांनी या गोष्टीतून स्वतःविषयी काय समजावे? या आक्षेपाला आम्हांपैकी कोणाकडे पुरते उत्तर नाही. तूर्त ते पुस्तक पेटीच्या तळाशी असते. तिसरीपासूनच्या मुलांनी मागितले तर वाचतो, आणि वाचताना आगीचे पान फार वेळ उघडे ठेवीत नाही.

बाबासाहेबांविषयी लहान मुलांना केव्हा आणि कोणत्या पुस्तकातून सांगावे, हे पालक आम्हांस सर्वांत जास्त विचारतात. बाजारातील बहुतेक सचित्र चरित्रे जन्मतारखेने सुरू होतात आणि पदव्यांच्या यादीने संपतात. सहा वर्षांच्या मुलाला पदवी म्हणजे काय ते माहीत नसते. त्याला प्रवास माहीत असतो, तहान माहीत असते आणि वाट पाहणे तर फारच चांगले माहीत असते. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलेला १९०१ सालचा प्रसंग आमच्या वाचकांना पाठ असेल. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून भावंडे वडिलांना भेटावयास निघाली, मसूरच्या स्थानकावर उतरली आणि न्यावयास कोणीच आले नाही. जात कळताच गाडीवान मिळेनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि स्वतःच गाडी हाकून ती निघाली. शिदोरी होती, पण प्यावयास पाणी मिळाले नाही.

या प्रसंगाची चित्रे ‘भीमायन’मध्ये आहेत. नवयान प्रकाशनाने २०११ साली काढलेले हे पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारले आहे. ते मोठ्या मुलांसाठी आहे, त्याचा मजकूर आम्ही लहानांना वाचून दाखवीत नाही. परंतु त्यातील एक युक्ती लहानांना चटकन कळते. गोड बोलणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिलेले आहेत आणि टोचून बोलणाऱ्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. अक्षर न येणारे मूलही पानावरून बोट फिरवून कोण कसे बोलले ते सांगते. मग मुले सांगू लागतात, की गावात त्यांच्याशी कोण नांगीने बोलते. किराणा दुकानदार, एखादी शेजारीण, बसमधला कोणी. हे त्यांनी यापूर्वी कोणाला सांगितलेले नसते.

एका वडिलांनी आम्हांस ठणकावून सांगितले, की हे सारे पहिलीपासूनच कळले पाहिजे. जगाने त्यांच्या मुलाला सांगण्यास पहिलीची वाट पाहिलेली नाही. एका आईचे म्हणणे, की माझे लेकरू आधी वर्षभर पोटभर हसू द्या. दोघेही आमच्यासमोर एकाच बाकावर बसले होते आणि दोघांचेही आम्हांला पटत होते. तेव्हापासून आम्ही ती गोष्ट पहिलीच्या दुसऱ्या सत्रात सांगतो, दिवसा सांगतो, आणि सांगून झाल्यावर मैदानात नेतो. दरवर्षी मुलांचा पहिला प्रश्न पाण्याविषयी नसतो. “मंग त्यांचे बाबा का न्हाई आले?” हा असतो. निरोप वेळेवर पोहोचला नव्हता, असे सांगितले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. निरोप न पोहोचणे त्यांना समजते. कारखान्यावरच्या फोनला कितीदा तरी रेंज नसते.

माजी विद्यार्थी वर्धापनदिनाला येतात तेव्हा पुस्तके आणतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. एक विनंती मात्र करावीशी वाटते. खोक्यांनी आणलेल्या पुस्तकांत तीच ती पाच-सहा पुस्तके बहुसंख्य असतात, आणि मुळाक्षरांचे तक्ते तर आमच्याकडे पुढील दहा वर्षे पुरतील इतके आहेत. केळुसकर गुरुजींनी भीमरावांच्या सत्कारप्रसंगी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले, ते एक पुस्तक होते आणि एका मुलासाठी होते. तो मुलगा काय वाचतो हे गुरुजी बागेत पाहत आलेले होते. येथील प्रत्येक मुलासाठी असे कोणी पाहत बसावे, ही अपेक्षा मोठी आहे. त्यापेक्षा लहान अपेक्षा अशी, की पुस्तक आणणाऱ्याने ते स्वतः वाचून दाखवावयास एक रात्र थांबावे.

आम्हांस सध्या हवी असलेली पुस्तके अशी: आजीआजोबांकडे राहणाऱ्या मुलाची गोष्ट, वीटभट्टी, फड किंवा तांडा यांतील घरांची चित्रे, रात्रीची, पण भुतांची नव्हे, अशी गोष्ट, आणि वसतिगृहात राहणाऱ्या लहान मुलाविषयी कोणतेही चांगले मराठी चित्रपुस्तक. शेवटच्या प्रकारातले आम्हांला अद्याप एकही सापडलेले नाही. आपणांपैकी काही जण आता लिहितात, काही चित्रे काढतात. आपल्याला येथली पहिली रात्र आठवत असेल.

जेवण सात वाजता होते. साडेसातला आम्ही सतरंजी अंथरतो. पुस्तक आणाल ते आधी घरी एकदा मोठ्याने वाचून पाहा, आणि येताना चष्मा विसरू नका. पडवीतला दिवा एकच आहे.